हिशेबातला गुन्हा आणि कोर्टातला खटला

(शेती विभाग, ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, हुमणी आणि खोडव्याची निगा यांबद्दल लिहितो. या खेपेला विषय जरा वेगळा घेतला आहे. गेल्या हंगामात शेती ऑफिसात आलेल्या मंडळींनी उसापेक्षा कोर्टकचेरीचीच जास्त चौकशी केली. आम्ही वकील नव्हे, शेतकी पदविका घेतलेले नोकरदार आहोत. पण करार, उचल, काटापावती आणि बिल हे कागद गेली वीसेक वर्षे रोज आमच्या हाताखालून जातात. त्या अनुभवाच्या जोरावर, चार वकील मंडळींना विचारून आणि कायदा चाळून जे उमगले, ते इथे मांडतो.

सुरुवात घरच्या उदाहरणाने करू. कृष्णाकाठच्या एका गावातले आमचे एक वाहतूकदार सभासद आहेत. नाव लिहीत नाही. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला. त्यांनी बारा कोयत्यांची टोळी आणण्याचा करार एका मुकादमाशी केला. नोटरी झाली, उचलीपोटी नऊ लाख रुपये गेले, काही बँकेतून तर काही रोख. दसरा झाला, दिवाळी झाली, कारखान्याचा बॉयलर पेटला, पण टोळीचा पत्ता नाही. फोन बंद. मुकादमाच्या गावी गेले तर घराला कुलूप. पोलीस ठाण्यात गेले तर उत्तर मिळाले, "अहो पाटील, ही दिवाणी बाब आहे. वकिलामार्फत दावा लावा."

पुढे आमच्या गट ऑफिसात बोलता बोलता कळले की याच मुकादमाने पलूस तालुक्यात एकाकडून आणि कोरेगाव तालुक्यात आणखी एकाकडून त्याच हंगामाची उचल घेतली आहे. तिघांना बोलावून घेतले आणि तिन्ही करार टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मजुरांची नावे तीच. इतकेच काय, त्यांचा क्रमही तोच! म्हणजे तेच बारा कोयते एकाच हंगामात तीन ट्रॅक्टरांना विकले होते.

आता बघा, यातला एकच करार हातात घेतला तर तो मोडलेला शब्द आहे. टोळी आजारी पडली असेल, मजूर फुटले असतील, मुकादमाची अडचण झाली असेल. आमच्याकडे वर्षानुवर्षे इमानाने येणारे मुकादम आणि मजूर पुष्कळ आहेत, त्यांच्यावरही अशी वेळ येते. शब्द मोडला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच मनात खोट असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. पण तिन्ही करार एकत्र पाहिले की खोट आधीपासून होती हे शाळकरी पोरालाही समजते.

आमच्या मते सगळा विषय इथेच आहे. हिशेबातला गुन्हा एका कागदावर दिसत नाही. दोन-चार कागद शेजारी ठेवल्यावर तो दिसतो. म्हणून असे खटले चालवताना सगळे कागद एका जागी, एकाच न्यायाधीशापुढे आणि वेळेत आले पाहिजेत. यातली एक गोष्ट जरी चुकली तरी खटला म्हातारा होतो आणि पैसा पाण्यात जातो.

मारामारीचा खटला आणि हिशेबाचा खटला

बांधावर मारामारी झाली तर पाहणारे असतात, काठी असते, डॉक्टरचा दाखला असतो. कोर्टापुढे प्रश्न एवढाच की मारले कुणी. हिशेबाच्या खटल्यात पाहणारा कुणीच नसतो. आरोपी सही नाकारत नाही, पैसे घेतल्याचेही नाकारत नाही. तो म्हणतो, "व्यवहार होता, तोटा झाला, त्याला मी काय करू?" मग भांडण राहते ते हेतूचे. आणि हेतू शोधायचा तर वह्या, खाती, ठराव, चेक, पावत्या यांच्या चळतीतून.

दुसरी अडचण साक्षीदारांची. हे साक्षीदार म्हणजे कारकून, कॅशियर, लेखापरीक्षक, बँकेचे अधिकारी. त्यांच्या बदल्या होतात, ते निवृत्त होतात, काही देवाघरी जातात. दहा वर्षांनी साक्ष द्यायला उभे राहिल्यावर कुठल्या नोंदीवर कुणी कधी खूण केली हे कुणाला आठवणार? तिसरी अडचण न्यायाधीशांची. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एका दिवसाच्या बोर्डावर चोरीपासून चेक न वटण्यापर्यंत ढीगभर प्रकरणे असतात. त्यांत पाचशे पानांचा हिशेब निघतो आणि पुढची तारीख पडते. तो हिशेब न्यायाधीशांच्या डोक्यात बसेपर्यंत त्यांची बदली होते. नव्या न्यायाधीशांना आधी नोंदलेल्या पुराव्यावरून पुढे चालण्याची कायद्यात सोय आहे. पण पुरावा कागदावर पुढे जातो, समज पुढे जात नाही. ती पुन्हा पहिल्यापासून तयार करावी लागते.

कराडचे नाव आणि १९९२ चे प्रकरण

हे काही परमुलखातले नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कराडचे नाव देशभर गेले होते. बँक ऑफ कराड ही आपल्या भागातल्या लोकांच्या ठेवींवर उभी राहिलेली छोटी बँक. तिच्या मुंबईतल्या कामकाजातून 'बँक रिसीट' नावाच्या पावत्या दिल्या गेल्या. अशा पावतीचा अर्थ असा की अमुक सरकारी रोखे आमच्याकडे आहेत, ते तुम्हाला देऊ. प्रत्यक्षात त्या पावत्यांमागे रोखे नव्हते.

आपल्या भाषेत सांगायचे तर ऊस काट्यावर आलाच नाही, तरी वजनपावती फाटली. आणि त्या पावतीवर दुसऱ्याने तिसऱ्याकडून बिलाची रक्कम उचलली. पावती फाडणारा, ती फिरवणारा दलाल आणि त्यावर पैसे देणारी मोठी बँक, असे सगळे त्या साखळीत होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने हिशेब जुळवला तेव्हा सुमारे चार हजार कोटी रुपयांचा खड्डा निघाला. मे १९९२ मध्ये बँक ऑफ कराड गुंडाळण्याची कारवाई सुरू झाली आणि १९९४ साली तिचा व्यवहार बँक ऑफ इंडियाकडे गेला. ज्या ठेवीदारांनी मुंबईचा शेअर बाजार कधी पाहिला नव्हता, त्यांनाही त्याची झळ बसली.

या प्रकरणात सरकारने एक वेगळी वाट धरली. जून १९९२ मध्ये अध्यादेश आणि मग संसदेचा कायदा करून मुंबईत विशेष न्यायालय नेमले. मुंबई उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश त्याचे काम पाहणार आणि त्यांच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाणार. कस्टोडियन म्हणजे ताबेदार अधिकारी नेमला. त्याने एखाद्याचे नाव अधिसूचित केले की त्या माणसाची मालमत्ता त्याच क्षणी जप्त. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने याच व्यवहारांचे दिवाणी दावेही त्याच न्यायालयाकडे दिले.

याचा फायदा झाला का? काही अंशी झाला. हर्षद मेहता याला मारुती उद्योगाच्या पैशांच्या प्रकरणात सप्टेंबर १९९९ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे विशेष न्यायालय असूनही सात वर्षे लागली. ३१ डिसेंबर २००१ रोजी तो कोठडीत असतानाच वारला आणि त्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २००३ मध्ये आला. मालमत्ता मात्र पहिल्याच दिवशी धरून ठेवलेली असल्यामुळे ती विकून बँकांची आणि कराची देणी भागवता आली. ते काम पुढे पंचवीस-तीस वर्षे चालले हेही खरे. तरी धरलेले हातातून निसटले नाही.

नागपूरची एकवीस वर्षे

दुसरे उदाहरण आपल्या सहकारातले, म्हणून अधिक झोंबणारे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ च्या सुमारास सरकारी रोखे घेण्यासाठी होम ट्रेड आणि इतर दलाल कंपन्यांना पैसे दिले. रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. रक्कम सुमारे दीडशे कोटी. पुन्हा तोच प्रकार, ऊस नाही आणि पावती मात्र आहे. एप्रिल २००२ मध्ये गुन्हा नोंदला गेला, त्याच वर्षी दोषारोपपत्रही गेले. इथवर सगळे वेळेत होते.

मग मात्र खटला अर्ज-विनंत्यांत अडकला. वरच्या कोर्टात अर्ज, त्यावर स्थगिती, पुन्हा सुनावणी. अखेर लवकर निकाल लावा असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला सांगावे लागले. २२ डिसेंबर २०२३ रोजी अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकाल दिला. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी ठरले, त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. तिघे निर्दोष सुटले. त्यावर अपील झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून केदार यांना जामीन दिला. शेवटचा शब्द अपिलाचा असतो, त्यामुळे दोषाबद्दल आम्ही काही बोलत नाही. आमचे बोलणे काळाबद्दल आहे.

एकवीस वर्षे! २००२ साली ज्या शेतकऱ्याचे पोर पहिलीत होते, ते पोर निकालाच्या वेळी स्वतः शेती करत होते. जे तिघे निर्दोष सुटले त्यांच्या माथ्यावरही एकवीस वर्षे आरोपाचा डाग राहिला, हे विसरू नका. दिरंगाई फिर्यादीला मारते आणि निरपराध आरोपीलाही मारते. तिचा फायदा फक्त खऱ्या लबाडाला मिळतो.

विलायतेत काय झाले

इंग्लंडात हा प्रश्न वेगळ्या रूपाने आला. तिथे गंभीर फौजदारी खटल्यात निकाल ज्यूरी, म्हणजे बारा सामान्य नागरिक देतात. आपल्याकडेही काही ठिकाणी ज्यूरी होती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती गेली. इंग्लंडात लॉर्ड रॉस्किल यांच्या समितीने १९८६ मध्ये सुचवले की गुंतागुंतीच्या फसवणुकीच्या खटल्यांत ज्यूरीऐवजी एक न्यायाधीश आणि व्यवहार जाणणारे दोन सदस्य बसवावेत. ही सूचना तिथल्या संसदेने मानली नाही. मात्र १९८७ च्या कायद्याने मोठ्या फसवणुकीसाठी स्वतंत्र कचेरी काढली. त्यात वकील, हिशेबनीस आणि तपास करणारे पहिल्या दिवसापासून एकत्र बसतात. शिवाय साक्षी सुरू होण्याआधी वादाचे मुद्दे ठरवण्याची तयारी-सुनावणीही आणली.

एवढे करूनही लंडनच्या ज्युबिली रेल्वेमार्गाच्या कंत्राटांचा खटला मार्च २००५ मध्ये एकवीस महिने चालून कोसळला. खर्च सुमारे सहा कोटी पौंड, आणि निकाल काहीच नाही. लोक म्हणाले, सामान्य माणसांना असला हिशेब कळत नाही. पण नंतर त्या ज्यूरीतल्या लोकांना विचारले तेव्हा दिसले की पुरावा त्यांना चांगला समजला होता. त्यांना जड गेले ते खटल्याचे लांबणे, मधले खंड आणि घरच्या कामांचा झालेला खोळंबा.

आम्हाला हे महत्त्वाचे वाटते. ज्या शेतकऱ्याला एफआरपी, उतारा, तोडणी-वाहतूक कपात आणि सोसायटीची वसुली यांतून हातात किती येणार हे तोंडी सांगता येते, त्याला हिशेब कळत नाही असे कुणी म्हणू नये. हिशेब कितीही गुंतागुंतीचा असला तरी तो नीट मांडला, सलग मांडला तर कुणालाही कळतो. खटले बिघडतात ते विस्कळीतपणाने.

मग खटला चालवावा कसा?

१) पैसा आधी धरावा. पाटाचे पाणी फुटले की आधी मोरी बुजवतात, कुणी फोडली याची चौकशी मागून. तसेच इथे करावे. ठेवी बुडवणाऱ्या संस्थांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्यात मालमत्ता जप्त करता येते आणि खटला खास नेमलेल्या न्यायालयात चालतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा कायदा रद्द ठरवला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो वैध ठरवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०७ आले आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत नुकसान झालेल्यांना वाटण्याची तरतूद त्यात आहे. ही कलमे पुस्तकात राहू नयेत, तपासाच्या पहिल्या महिन्यातच त्यांचा वापर व्हावा.

२) न भांडायचे कागद आधी बाजूला काढावेत. हिशेबाच्या खटल्यातले बहुतेक कागद दोन्ही बाजूंना मान्यच असतात. मग प्रत्येक कागद शाबीत करायला एकेक कारकून कशाला बोलवायचा? नव्या संहितेच्या कलम ३३० प्रमाणे कागदांच्या प्रती मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत आरोपीने आणि सरकारी वकिलांनी ते मान्य की अमान्य हे सांगायचे आहे. बँकेच्या खात्याचा दाखलेदार उतारा पुरावा म्हणून चालतो ही सोय तर १८९१ च्या कायद्यापासून आहे. हे काटेकोर केले तर शंभर साक्षीदारांच्या जागी दहा-पंधरा पुरतील.

३) वाद काय आहे ते सुरुवातीलाच लिहून घ्यावे. "पैसे घेतले हे मान्य, हेतू अमान्य" असे असेल तर पुरावा फक्त हेतूचा घ्यावा. आमच्या तीन करारांच्या प्रकरणात खरा वाद एकाच ओळीत मावतो. तेच बारा कोयते तिघांना कसे दिले, एवढेच विचारायचे.

४) जोडीची प्रकरणे एकत्र आणावीत. पलूसचा खटला पलूसला, कोरेगावचा कोरेगावला, कराडचा कराडला चालला तर तिन्ही ठिकाणी तो दिवाणी वादासारखाच दिसणार. नव्या संहितेच्या कलम २४२ प्रमाणे बारा महिन्यांच्या आतले एकाच प्रकारचे पाच गुन्हे एका खटल्यात घेता येतात. जुन्या कायद्यात ही मर्यादा तीन होती. जिल्ह्याची हद्द आडवी येते तिथे सातारा आणि सांगलीच्या पोलिसांनी निदान एकमेकांचे कागद तरी एकमेकांना द्यावेत.

५) खटला सलग चालावा आणि न्यायाधीश एकच असावेत. साक्षी सुरू झाल्या की रोजच्या रोज चालवाव्यात असे कायदाच सांगतो. पक्षकाराच्या हाताबाहेरची अडचण आली तर, दुसऱ्या बाजूचे ऐकून आणि कारणे नोंदवून, जास्तीत जास्त दोन तहकुबी द्याव्यात, असेही नव्या संहितेत आहे. मोठ्या हिशेबाच्या खटल्यात न्यायाधीशांची बदली निकालापर्यंत पुढे ढकलावी. मळणी अर्धी झाली असता कुणी बैल सोडून नेत नाही.

६) कोर्टाला हिशेब समजावून सांगणारा माणूस द्यावा. जमिनीच्या मोजणीचा वाद असला की मोजणीदार येतो आणि नकाशा काढून देतो. तसाच सनदी लेखापालाने पैशाचा नकाशा काढून द्यावा. पैसा कुठल्या खात्यातून निघाला, कुठे गेला, कुठे मुरला, हे एका मोठ्या तक्त्यावर यावे. आरोपीलाही आपला तक्ता मांडण्याची मुभा असावी. म्हणजे भांडण कुठल्या रकान्याचे आहे ते लख्ख दिसते.

घाईही नको

इथे दुसरी बाजू सांगितली पाहिजे. काही मंडळी म्हणतात, असल्या लोकांना महिन्याभरात आत टाका, खटला कशाला? हे बरोबर नाही. प्रत्येक तोटा हा गुन्हा नसतो. संचालक मंडळाने चांगल्या मनाने घेतलेला निर्णय चुकतो, बाजार पडतो, पाऊस दगा देतो. आपल्यातलाच कुणी सोसायटीचा संचालक असतो आणि सचिवाने पुढे केलेल्या कागदावर विश्वासाने सही करतो. त्याला आणि ठरवून लुबाडणाऱ्याला एका मापाने मोजले तर सहकारात काम करायला चांगला माणूस पुढे येणार नाही.

मारुती उद्योगाच्या त्याच प्रकरणात जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. दोघांनी गुन्हा मानला, एका न्यायमूर्तींना त्याच कागदांतून गुन्हा दिसला नाही. देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टात असे होत असेल, तर खाली किती जपून चालावे लागते याची कल्पना यावी. म्हणून आरोपीला सगळे कागद मिळाले पाहिजेत, उलटतपासाला पुरता वेळ मिळाला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की वेळ उलटतपासात जावा, तारखांत जाऊ नये.

विशेष न्यायालय काढले की सगळे झाले, असेही समजू नका. १९९२ चे न्यायालय विशेषच होते, तरी पहिल्या मोठ्या शिक्षेला सात वर्षे लागली. पाटी बदलून पाणी वाढत नाही. माणसे, जागा, लेखापाल आणि सलग दिवस द्यावे लागतात. ते दिले तर नेहमीचे सत्र न्यायालयसुद्धा हे काम करू शकेल.

सभासदांनी काय करावे?

कोर्टाने काय करावे हे सांगणे सोपे. आपल्या हातात जे आहे ते आपण करू.

अ) उचल शक्यतो बँकेतूनच द्यावी. रोख दिली तर पावती घ्यावी आणि तिच्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

आ) करारावर प्रत्येक मजुराचे पूर्ण नाव, गाव आणि ओळखपत्राची नोंद घ्यावी. "बारा कोयते" एवढेच लिहून भागत नाही. आमच्या प्रकरणात नावे लिहिलेली होती म्हणूनच लबाडी उघडी पडली.

इ) करार झाला की त्याची एक प्रत गट ऑफिसात द्यावी. एकाच टोळीची नावे दोन करारांत दिसली तर शेती खाते उचल जाण्यापूर्वीच सांगू शकेल. खटल्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

ई) मोबाईलमधले संदेश, पैसे पाठवल्याच्या नोंदी, बोलण्याच्या फिती पुसू नयेत. फोन बदलला तरी जुना जपून ठेवावा. असा पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो वकिलांकडून करून घ्यावा.

उ) फिर्याद देताना एकट्याने जाऊ नये. फसलेले सगळे एकत्र जावेत आणि सगळे करार एकाच वेळी पुढे ठेवावेत. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तिथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

ऊ) ठेव ठेवताना विमा आहे का ते विचारावे. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल असे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले होते. म्हणजे कुठल्या खटल्याच्या निकालाची वाट त्यांना पाहायची नव्हती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दीड टक्का व्याज जास्त मिळते म्हणून धावताना हे ध्यानात ठेवावे.

ए) वार्षिक सभेत ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचे शेरे वाचावेत, आणि न कळल्यास उठून विचारावे. नागपूरचा व्यवहार हिशेब तपासणीतूनच बाहेर आला होता. "मंजूर, मंजूर" म्हणून जेवायच्या पंगतीकडे पळणारा सभासद पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

शेवटी आमच्या त्या सभासदांचे काय झाले ते सांगतो. तिघांनी मिळून एकच अर्ज केला, तिन्ही करार आणि बँकेचे उतारे जोडले. या वेळी कुणी "दिवाणी बाब" म्हटले नाही, गुन्हा नोंदला गेला. पैसे अजून आलेले नाहीत. ट्रॅक्टरचे हप्ते चालू आहेत आणि माउलींनी गळ्यातले डोरले मोडून दोन हप्ते भरले, हे त्यांनी स्वतः आमच्या ऑफिसात बसून सांगितले. पहिली तारीख झाली आहे. खटला दोन वर्षांत निकाली निघाला तर हे घर सावरेल. नागपूरसारखी एकवीस वर्षे लागली तर निकाल कुणाच्याही बाजूने लागो, त्या घराला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की हिशेबाच्या खटल्यात वेळ हीच रक्कम असते. दुसरी प्रत्येक गोष्ट तिच्या मागून येते.

ज्या सभासदांची तोडणी-वाहतूक उचलीबाबत अशी प्रकरणे असतील, त्यांनी आपल्या कराराची आणि बँक उताऱ्याची प्रत गट ऑफिसात आणून द्यावी. शेती खाते यादी तयार करत आहे. एकाच नावाचे करार जुळले तर संबंधितांना कळवण्यात येईल. तसेच आडसाली लागणीच्या नोंदी राहिल्या असतील तर त्याही याच खेपेस पुऱ्या कराव्यात, ही विनंती.